एकाच दिवशी घेतलेले दोन प्लाझ्मा, मग 'चि. सौ. कां.' एकावरच का उमटून राहतं?

कार्यालयवाला_कराड

नमस्कार मंडळी,

कराडजवळ आमचं मंगल कार्यालय आहे. 2011 च्या दिवाळीत स्वागताच्या पाटीसाठी दोन 42 इंची प्लाझ्मा टीव्ही घेतले. कंपनी एक, मॉडेल एक, आले तेही एकाच टेम्पोतून. एक मुख्य दाराशी लावला, दुसरा जेवणाच्या हॉलच्या तोंडाशी. लग्नाच्या दिवशी सकाळी सहापासून दोन्हींवर एकच पाटी असते. वर 'श्री गणेश प्रसन्न', मग 'चि.' आणि वराचं नाव, 'चि. सौ. कां.' आणि वधूचं नाव, खाली 'यांचा शुभविवाह'. मरून रंगावर पांढरी अक्षरं. नावं दर लग्नाला बदलतात, बाकीची अक्षरं मात्र इतकी वर्षं त्याच जागी आहेत.

दारातल्या टीव्हीवर लग्न उरकल्यावर अक्षरांची सावली दिसते आणि तासाभरात जाते. जेवणाच्या हॉलमधल्या टीव्हीवर ती दुसऱ्या दिवशीही दिसते. गेली दोन वर्षं तर तिथं 'चि. सौ. कां.' कधी पूर्ण पुसलंच जात नाही. परवा एका बारशाला बाळाचे फोटो लावले होते, तर बाळाच्या कपाळावर 'सौ. कां.' वाचता येत होतं. बाळाच्या आजीला ते आवडलं नाही, आणि मलाही फार वाईट वाटलं.

टीव्ही बदला, असं सगळेच सांगतात. माझा प्रश्न वेगळा आहे. वापर सारखा, मॉडेल सारखं, मग हा फरक कारखान्यातूनच आला का? पॅनल बनवताना ही सावली कमी व्हावी म्हणून काही करत होते का? नेमकं काय करत होते?

दुरुस्ती_कोल्हापूर

दादा, तीस वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय, त्यातली दहाएक वर्षं प्लाझ्माही भरपूर हाताळले. कारखान्यावर जाण्याआधी दोन गोष्टी बघा. दोन्ही टीव्हींचं पिक्चर मोड आणि कॉन्ट्रास्ट एकच आहे का? दुकानातून येतात तेव्हा बरेचसे झगझगीत मोडवर असतात आणि तसेच राहून जातात. दुसरं, जेवणाच्या हॉलमध्ये स्वयंपाकघराची धग येते का? मागच्या जाळीवर तेलकट धूळ बसली असेल तर पॅनल जास्त तापतं, आणि तापलेल्या पॅनलवर सावली रेंगाळते.

सोपी परीक्षा म्हणजे दोघांची जागा बदला. चार लग्नं होऊ द्या. सावली जागेबरोबर राहिली तर दोष जागेचा, टीव्हीबरोबर गेली तर पॅनलचा.

कार्यालयवाला_कराड

दादा, मोड दोन्हींचा एकच आहे. कॉन्ट्रास्ट एकाचा दोन घरं जास्त होता, तो सारखा केला. जाळी साफ केली, धूळ खरंच तेलकट होती. आज माणसं बोलावून जागाही बदलली. चार लग्नं झाली की कळवतो.

निर्वात

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर पीएच.डी. केली आणि आमच्याकडचे बरेच जण जातात तसा पोस्टडॉकला, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाला, दक्षिण कोरियात गेलो. तिथे अडीच वर्षं एकाच थरावर काम केलं, प्लाझ्मा पॅनलच्या पुढच्या काचेवरचा मॅग्नेशियम ऑक्साइड. जाडी एक मायक्रॉनहूनही कमी. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा. तुमची 'चि. सौ. कां.' ची सावली बरीचशी या थराची गोष्ट आहे.

आधी पॅनलची रचना. दोन काचा असतात, मध्ये जेमतेम दशांश मिलिमीटरची फट. मागच्या काचेवर बारीक भिंतींनी कप्पे पाडलेले असतात आणि कप्प्यांत लाल, हिरवा, निळा फॉस्फर, म्हणजे अतिनील किरण पडले की चमकणारी भुकटी. फटीत निऑन आणि थोडा झेनॉन, वातावरणाच्या दाबाच्या साधारण दोन तृतीयांश दाबाने भरलेला. पुढच्या काचेवरच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये ठिणगी पडली की झेनॉनमधून अतिनील किरण निघतात, ते फॉस्फरवर पडतात आणि रंग दिसतो. ठिणगीत तयार झालेले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, पुढच्या काचेवर आदळत राहतात. तिथं मॅग्नेशियम ऑक्साइड ढालीसारखा उभा असतो. तो मार खातोच, शिवाय आयन आदळला की स्वतःतून इलेक्ट्रॉन सोडतो आणि पुढची ठिणगी सोपी करतो. तो किती सहज इलेक्ट्रॉन सोडतो यावर कप्पा किती व्होल्टला पेटणार हे ठरतं.

आता सावली. तुमची पांढरी अक्षरं दहा तास पेटती राहिली. त्या कप्प्यांतल्या ऑक्साइडचा पृष्ठभाग आयनांच्या माऱ्याने घासूनपुसून स्वच्छ झाला, त्यावर चिकटलेलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून गेलं. शेजारचे मरून रंगाचे कप्पे त्या मानाने निवांत होते, त्यांच्यावरची घाण तशीच. आता अक्षरांचे कप्पे शेजाऱ्यांपेक्षा कमी व्होल्टला पेटतात. काळा पडदा लावला तरी प्लाझ्मात प्रत्येक चित्राआधी सगळ्या कप्प्यांना एक हलका झटका देतात, आधीचा विद्युतभार पुसायला. त्या झटक्यात अक्षरांचे कप्पे कणभर जास्त उजळतात. म्हणून काळ्यावर सावली उजळ दिसते. बंद ठेवल्यावर आतले रेणू हळूहळू पुन्हा पृष्ठभागावर बसतात, कप्पे थंड होतात आणि सावली विरते. ही झाली तात्पुरती सावली.

कायमची सावली वेगळी. वर्षानुवर्षांच्या माऱ्याने ऑक्साइड झिजतो, उडालेले कण समोरच्या फॉस्फरवर बसतात. त्यात निळा फॉस्फर मुळातच नाजूक, तो लाल-हिरव्याआधी दमतो.

घरीच ओळखता येईल. टीव्हीवर पूर्ण काळा, पूर्ण पांढरा आणि पूर्ण निळा पडदा लावून बघा. सावली काळ्यावर उजळ दिसली तर पहिला प्रकार, पांढऱ्यावर पिवळट आणि निळ्यावर गडद दिसली तर दुसरा.

आता तुमचा खरा प्रश्न, बनवताना काय करत होते.

मुळातली मोठी सुधारणा रचनेतली आहे. एसी प्लाझ्माचा पहिला कप्पा 1964 साली इलिनॉय विद्यापीठात बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन यांनी केला, तो एकाच रंगाचा. रंगीत करायला गेल्यावर अडचण अशी आली की समोरासमोरच्या काचांवर इलेक्ट्रोड ठेवले की आयन थेट फॉस्फरवर आपटतात आणि फॉस्फर लवकर मरतो. जपानमध्ये फुजित्सूचे शिनोदा यांनी ठिणगीचे दोन्ही इलेक्ट्रोड पुढच्याच काचेवर शेजारी शेजारी बसवले आणि फॉस्फर मागे नेला. 1992 साली त्यांचा 21 इंची रंगीत पॅनल आला. तुमच्या टीव्हीतही तीच मांडणी आहे. त्याआधीच्या मांडणीत तुमची पाटी चौदा वर्षं टिकलीच नसती.

पण माझा जीव अडकलाय तो पुढच्या भागात, आणि मला वाटतं तुमच्या दोन टीव्हींतला फरकही तिथलाच असावा. पॅनल बंद करण्याआधी त्याच्या आत काय राहिलं?

मॅग्नेशियम ऑक्साइड निर्वात कक्षात इलेक्ट्रॉनांच्या झोताने तापवून, त्याची वाफ करून काचेवर बसवतात. कक्षातून बाहेर काढल्या क्षणापासून तो हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषायला लागतो, वरचा पापुद्रा हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट होतो. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं झाकण उघडं राहिलं तर काय होतं, तसं समजा. त्यानंतर दोन काचा एकावर एक ठेवून कडेला काचेच्या भुकटीची लापशी, तिला फ्रिट म्हणतात, लावून साधारण साडेचारशे अंशांना भट्टीत जोडतात. त्या वेळी फ्रिटमधून निघणारे वायूही आत जातात आणि ऑक्साइड तेही पितो. मग मागच्या काचेच्या कोपऱ्यातल्या बारीक काचनळीतून आतली हवा ओढतात, पॅनल साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवत. तासन्‌तास.

हे तासन्‌तास का, ते एका हिशेबावरून कळेल. 42 इंची पॅनलचं क्षेत्रफळ जवळपास अर्धा चौरस मीटर. फट दशांश मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे आतली सगळी पोकळी पन्नास-साठ घन सेंटीमीटर, चहाच्या अर्ध्या कपाएवढी. आता पुढच्या काचेवर पाण्याचा फक्त एका रेणूच्या जाडीचा थर राहिला आणि पुढे तो सुटला, तर तो आत भरलेल्या वायूच्या सुमारे अर्धा टक्का होतो. फक्त एक रेणू जाडीचा. आणि ऑक्साइड स्पंजासारखा आहे, फॉस्फर भुकटी आहे, दोघांचा खरा पृष्ठभाग काचेच्या कितीतरी पट. एवढ्या आकाराची पोकळी एका कोपऱ्यातल्या नळीने दशांश मिलिमीटरच्या फटीतून रिकामी करायची. नळीजवळचा भाग लवकर स्वच्छ होतो, दूरच्या कोपऱ्यातला पाण्याचा रेणू भिंतींवर आपटत आपटत येतो.

त्यात चौकोनी बंद कप्पे आले. पायोनियर कंपनीने ते वॉफलसारखे चहूबाजूंनी भिंती घालून केले. उजेड वाढला, शेजारच्या कप्प्यात गळती थांबली, पण हवा ओढायला सरळ गल्ली उरली नाही. भिंतींच्या माथ्यावरच्या केसाहूनही बारीक फटीतूनच सगळा कारभार. चित्रासाठी चांगली असलेली गोष्ट स्वच्छतेला जड जाते, असं या धंद्यात पावलोपावली होतं.

जागा बदलल्यावर काय झालं ते नक्की कळवा.

मृण्मयी

निर्वात सर, छान समजावलंत. पण मग दोन्ही काचा निर्वात कक्षातच का जोडत नव्हते? ऑक्साइड बसवला, हवेत न काढता तिथल्या तिथे सील केला की प्रश्नच मिटला.

निर्वात

मृण्मयीताई, नेमकी हीच कल्पना आम्ही छोट्या चाचणी पॅनलवर करून बघत होतो, आणि त्या काळी कोरियात या विषयावर बरंच काम झालं. काचा निर्वात कक्षात तापवायच्या, वेगवेगळ्या असतानाच त्यांच्यातलं पाणी काढून टाकायचं आणि मग आतच जोडायच्या. फट तयार होण्याआधीच सफाई होते, त्यामुळे नळीतून ओढण्याची धडपड उरत नाही. मी सकाळी दोन पॅनल शेजारी शेजारी लावायचो, एक हवेत जोडलेला, एक निर्वातात. दोन्हींवर पांढरा चौकोन काही मिनिटं, मग काळा पडदा, खोलीतले दिवे बंद. हवेत जोडलेल्यावर चौकोन स्पष्ट दिसायचा. निर्वातातल्यावर तो आहे का नाही हे ठरवायला डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावं लागायचं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी रात्री कोल्हापूरला फोन करून आमच्या सरांना सांगितलं होतं.

मग कारखाने तसं सरसकट का करत नव्हते? काच केवढी ते बघा. एका मोठ्या काचेतून एकदम अनेक पॅनल कापायचे. एवढ्या मोठ्या काचा निर्वात कक्षात साडेचारशे अंशांपर्यंत सारख्या तापवायच्या. निर्वातात हवा नसते, त्यामुळे उष्णता फक्त प्रारणाने पोचते. कडा गार, मध्य गरम, आणि काच तडकते. शिवाय फ्रिट निर्वातात वितळला की त्यातले बुडबुडे फुगतात आणि जोड सच्छिद्र होतो. त्यासाठी फ्रिट आधीच भाजून घ्यावा लागतो. यंत्र महाग, वेळ जास्त. टीव्हीच्या किमती दरवर्षी कोसळत असताना हे परवडणं अवघड.

म्हणून मधले मार्ग होते. ऑक्साइड बसवल्यापासून जोडेपर्यंत काच कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवायची, मधला वेळ कमी करायचा. जोडताना आतून कोरडा वायू खेळवायचा, म्हणजे फ्रिटचा धूर बाहेर निघतो. हवा ओढताना जास्त वेळ, जास्त तापमान, पण फार नाही, कारण निळा फॉस्फर उष्णता आणि पाणी एकत्र आलं की बिघडतो. त्यात युरोपियम हे मूलद्रव्य दोन विद्युतभाराच्या रूपात लागतं, हवेत तापवल्यावर ते तीन भाराचं होऊन निळा प्रकाश देणं सोडतं.

आणि शेवटी एजिंग. माझ्या मते सगळ्यात कमी कौतुक झालेली पायरी. पॅनल भरून बंद केला की लगेच त्याच्यावर चित्र दाखवत नाहीत. वापरातल्यापेक्षा जास्त व्होल्टने सगळे कप्पे एकदम तासन्‌तास पेटते ठेवतात. तुमच्या पाटीने जे फक्त 'चि. सौ. कां.' च्या कप्प्यांना केलं, म्हणजे घासूनपुसून स्वच्छ करणं, ते कारखान्यात सगळ्या पडद्याला सारखं करतात. सुरुवातीला पेटण्याचं व्होल्ट भराभर उतरतं, मग सपाट होतं. सपाट झालं की थांबायचं. आधी थांबलात तर पुढचं एजिंग गिऱ्हाइकाच्या घरी, त्याच्या चॅनेलच्या लोगोखाली होणार. फार चालवलंत तर ऑक्साइड उगाच झिजणार. मी जे पॅनल बिघडलेले बघितले त्यांत घाईने उतरवलेले बरेच होते.

ऑक्साइडही बदलत गेला. त्यात सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम अशी किंचित भेसळ करून बघत. पायोनियरने थरावर मॅग्नेशियम ऑक्साइडचेच बारीक स्फटिक पसरले. त्याने कप्पा चटकन आणि नेमका पेटायला लागला, मग मघाचा भार पुसणारा झटका अगदी मंद करता आला. काळा खरोखर काळा झाला, आणि काळ्यावर उठणारी सावलीही मंदावली.

दुरुस्ती_कोल्हापूर

सर, आम्ही गिऱ्हाइकांना सांगायचो की नवीन प्लाझ्मा पहिले शंभर-दोनशे तास कॉन्ट्रास्ट कमी ठेवून, पूर्ण पडदाभर चित्र ठेवून वापरा, काळ्या पट्ट्यांचे सिनेमे नकोत. कारण आज कळलं. आणि सावली आली की पांढरा पडदा लावून दोन-तीन तास सोडायचा, तेही मग एजिंगच की.

निर्वात

अगदी तेच, दादा. फक्त कायमच्या सावलीवर पांढऱ्या पडद्याचा फारसा उपयोग नाही. फॉस्फर दमलेला असेल तर बाकीचेही दमवून बरोबरीला आणणं एवढंच होतं.

कार्यालयवाला_कराड

मंडळी, चार नाही, सहा लग्नं झाली. सावली टीव्हीबरोबर गेली. जेवणाच्या हॉलमधला टीव्ही आता दारात आहे, तिथं गार असूनही 'चि. सौ. कां.' दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतं. दारातला चांगला टीव्ही आता स्वयंपाकघराजवळ आहे, त्यावर सावली आधीपेक्षा थोडी जास्त रेंगाळते, पण दीड तासात जाते.

निर्वात सरांनी सांगितलेले तीन पडदे लावले. वाईट टीव्ही: काळ्यावर अक्षरं उजळ, निळ्यावर गडद, पांढऱ्यावर पिवळट. चांगला टीव्ही: काळ्यावर अगदी पुसट उजळ, निळ्यावर काही नाही.

म्हणजे दोघेही एकाच टेम्पोतून आले, पण एकाच्या आत पाणी जास्त राहिलं होतं, असंच ना?

निर्वात

माझं मत तसंच. पॅनल न उघडता शपथेवर सांगता येणार नाही, आणि उघडला की आतला वायू गेला. पण लक्षणं जुळतात. वाईट टीव्हीत दोन्ही प्रकार एकत्र आहेत, आणि दोन्हींचं मूळ एकच असू शकतं. आतलं पाणी ऑक्साइडला अस्थिर ठेवतं आणि निळ्या फॉस्फरलाही पोखरतं. कदाचित तो पॅनल हवा ओढायच्या गाडीवर कमी वेळ होता, कदाचित जोडण्याआधी काच पाळीबदलात तास-दोन तास जास्त उघडी राहिली. एका मॉडेलचे पॅनल सारखे निघावेत म्हणूनच हा सगळा खटाटोप असतो, आणि तरी शेवटी फरक राहतोच. धगीचा वाटा कोल्हापूरच्या दादांनी बरोबर ओळखला होता, तुमच्या चांगल्या टीव्हीने तो दाखवला.

मला या पॅनलांबद्दल हळहळ वाटते. पायोनियर 2009 मध्ये बाहेर पडली, पॅनासॉनिकने 2013 च्या अखेरीस पॅनल बनवणं थांबवलं, 2014 मध्ये सॅमसंग आणि एलजीनेही. स्फटिकांचा थर, मंद झटका, कोरड्या वायूतली जोडणी, हे सगळं नेमकं जमायला लागलं होतं तेव्हाच भट्ट्या विझल्या. आमच्या गटातले निम्मे लोक ओएलईडी या नव्या पडद्यांकडे गेले. तिथेही पाण्याचा रेणूच वैरी आहे, म्हणून त्यांना काम नवं वाटलं नाही.

तुमच्यासाठी: वाईट टीव्ही पाटीसाठी वापरू नका. कॉन्ट्रास्ट निम्म्यावर आणा आणि त्यावर पूर्ण पडदाभर हलतं चित्र दाखवा. चांगल्या टीव्हीवरची पाटी मात्र बदला. मरूनवर पांढऱ्याऐवजी गर्द पिवळी अक्षरं घ्या, त्यात निळा कप्पा जवळजवळ निवांत राहतो. आणि पाटीच्या तीन मांडण्या करून दर वीस मिनिटांनी बदलत ठेवा, 'चि. सौ. कां.' एकदा डावीकडे, एकदा मध्ये, एकदा खाली.

कार्यालयवाला_कराड

सर, पुतण्याने आजच तीन मांडण्या करून दिल्या, पिवळ्या अक्षरांत. तिसरीत वधूचं नाव वर घेतलंय. वाईट टीव्हीवर जेवणाच्या वेळी कोयना-कृष्णेच्या संगमाचं चित्रीकरण लावणार, पाणी हलतंच असतं. रविवारी लग्न आहे, सोमवारी सकाळी काळा पडदा लावून बघतो आणि लिहितो.